पडावे कसे, उठावे कसे

जपान देश आपल्यापासून फार लांब. मुंबईहून विमानाने जायचे तर आठ-नऊ तास लागतात. चहूकडे समुद्र आणि मध्ये डोंगरच डोंगर. पाऊस भरपूर. तिथले लोक भात खातात आणि भातच पिकवतात. आपल्या पवन मावळातला किंवा नाणे मावळातला शेतकरी तिथे गेला, तर त्याला भाषा कळायची नाही. पण खाचरे पाहून तो म्हणेल, "हे तर आपलंच!"

या जपानात पूर्वी सामुराई नावाचे लढवय्ये होते. सामुराई म्हणजे धन्याची चाकरी करणारा शिपाईगडी. कमरेला दोन तलवारी, एक लांब आणि एक आखूड. कित्येक शतके त्या देशात त्यांचाच शब्द चालला. पुढे काळ बदलला. १८७६ साली सरकारने हुकूम काढला, की यापुढे कमरेला तलवार लावून फिरायचे नाही. सामुराई संपले. पण त्यांची शिकवण मागे राहिली. १९०० साली नितोबे नावाच्या एका जपानी विद्वानाने त्या शिकवणीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. मग ती जगाला कळली.

काय होती ही शिकवण? न्यायाने वागावे. भिऊ नये. दुबळ्यावर दया करावी. समोरच्याचा मान राखावा, मग तो शत्रू का असेना. खरे बोलावे. अब्रू सांभाळावी. धन्याला आणि सोबत्याला दगा देऊ नये. आणि हे सगळे अंगी मुरावे म्हणून रोज सराव करावा. आज केला, उद्या टाळला, असे चालायचे नाही.

तुम्ही म्हणाल, यात नवीन ते काय? आमच्या मावळ्यांनी दुसरे काय केले? अगदी खरे. शिवाजी महाराजांचे मावळे काही राजवाड्यात जन्मले नव्हते. याच डोंगरातली, नाचणी-वरी खाणारी साधी माणसे होती ती. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे गड आपण रोज पाहतो. त्यांचे कडे चढायचे तर हिंमत लागते, आणि हिंमतीहून जास्त सराव लागतो.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. सगळे सामुराई काही देवमाणसे नव्हते. शेतकऱ्याकडून भाताची वसुली करताना त्यांनी जुलूमही फार केला. म्हणून त्यांच्यातले चांगले तेवढे घ्यावे, बाकीचे सोडून द्यावे.

मग सामुराईंची ही गोष्ट आम्ही का काढली? घरातल्या अपंग मुलासाठी काढली.

मावळातल्या वाड्या-वस्त्यांवर फिरताना एक गोष्ट पुष्कळदा दिसते. घरी पाहुणे आले, की अपंग मुलाला आतल्या खोलीत बसवतात. त्याला शाळेत उशिरा घालतात, नाहीतर घालतच नाहीत. "याला कोण सांभाळणार? पडला-झडला तर?" असे म्हणतात. कोणी म्हणते, "मागच्या जन्मीचे भोग." आईबापांना माया नसते असे नाही. माया असतेच. पण भीती मायेपेक्षा मोठी होते. मूल बसून राहते. बसून बसून पाय आखडतात, हात दुबळे होतात, बोलणे खुंटते. विसाव्या वर्षी ते मूल जेवढे अपंग असते, तेवढे ते जन्मताना नव्हते. उरलेले अपंगपण घराने दिलेले असते. हे बोलणे कडू लागेल, पण ते बोलायलाच हवे.

लढवय्याचे गुण अशा मुलाच्या काय कामाचे? तलवार तर त्याला धरायची नाही. पण या गुणांनी अपंग माणसे उभी राहिली आहेत. पहिला दाखला आपल्या मावळातलाच आहे.

लंगडा सरदार

वडगाव मावळात महादजी शिंदे यांचे स्मारक आहे. मुंबईच्या जुन्या रस्त्याने जाताना तुम्ही ते पाहिले असेल. महादजी मोठे सरदार होते, हे सगळे जाणतात. ते एका पायाने लंगडे होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

१७६१ सालची गोष्ट. १४ जानेवारीला पानिपतावर मराठ्यांची फार मोठी हार झाली. हजारो माणसे पडली. महादजी तेव्हा तरुण होते. जीव वाचवून निघाले, तर एका पठाण स्वाराने त्यांचा पाठलाग केला. त्याने घाव घातला आणि महादजींचा पाय कायमचा जायबंदी झाला. ते रस्त्यातच पडून राहिले. तेवढ्यात राणेखान नावाचा एक भिस्ती तिथून चालला होता. भिस्ती म्हणजे पखालीने पाणी वाहणारा. त्याने महादजींना आपल्या बैलावर घातले आणि सुखरूप दक्षिणेत आणले.

आता विचार करा. घराण्यातले किती भाऊबंद लढायांत गेले. फौज बुडाली. पाय गेला. त्या काळी सरदार म्हणजे घोड्यावर बसणारा, तलवार मारणारा. लंगड्या सरदाराला कोण विचारणार? त्यांनाही घरात बसता आले असते. पण ते बसले नाहीत. घोड्यावर बसायला पुन्हा शिकले. पायाने जे होत नाही ते डोक्याने करू लागले. माणसे जोडली. घाई सोडली, वाट पाहण्याची सवय लावली. दहा वर्षांनी, १७७१ साली, मराठ्यांनी दिल्ली घेतली. त्यात महादजी पुढे होते.

राणेखानाला ते विसरले नाहीत. पाणी वाहणाऱ्या त्या माणसाला त्यांनी भाऊ मानले आणि मोठ्या सरदारीवर चढवले. लोक त्याला राणेखानभाई म्हणू लागले. उपकाराची जाण ठेवणे हा सामुराईंच्या शिकवणीतला मोठा गुण. तो महादजींच्या अंगी होता, आणि त्यासाठी त्यांना जपानला जावे लागले नाही.

मग आली वडगावची लढाई. मुंबईचे इंग्रज राघोबादादांना घेऊन पुण्यावर चालून निघाले. बोरघाट चढून खंडाळ्याला आले. फौज सुमारे चार हजार, पण सामान वाहायला बैल हजारोंनी. एवढे लटांबर घेऊन चालायचे, म्हणजे दिवसाला मैलभर वाट सरली तरी पुष्कळ. मराठ्यांनी काय केले? एकदम अंगावर गेले नाहीत. बाजूच्या डोंगरांतून त्यांना त्रास देत राहिले. वाटेवरचे दाणागोटा आणि चारा नाहीसा केला. इंग्रज ९ जानेवारी १७७९ ला तळेगावला पोचले, तर गाव जाळून मोकळे केलेले. खायला काही नाही. शेवटी त्यांनी आपल्या जड तोफा तळ्यात टाकल्या आणि रात्रीच्या अंधारात मागे फिरले. वडगावपाशी मराठ्यांनी त्यांना कोंडले. इंग्रजांना शरण येऊन तह करावा लागला. त्या वेळी मराठ्यांच्या बाजूने बोलणी करणाऱ्यांत महादजी मुख्य होते. पानिपतावर रस्त्यात पडलेला तोच लंगडा माणूस. मध्ये अठरा वर्षे गेली होती.

या लढाईतली आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. इंग्रजांचा स्टुअर्ट नावाचा एक कप्तान होता. मोठा धाडसी गडी. ४ जानेवारीला तो कार्ल्यापाशी मारला गेला. मराठ्यांनी त्याला नाव दिले 'इष्टुर फाकडा'. फाकडा म्हणजे बहाद्दर. शत्रूचा शिपाई, तरी त्याच्या शौर्याचे कौतुक केले. सव्वादोनशेच्या वर वर्षे झाली, अजून लोक ते नाव घेतात. शत्रूचा मान राखणारे आपण, आणि घरच्या मुलाला "ए लंगड्या" म्हणून हाक मारतो! त्याचे बारशाला ठेवलेले नाव आहे ना? मग त्याच नावाने हाक मारावी.

तसे पाहिले तर जपानातही असे सरदार झाले. दाते मासामुने नावाच्या मोठ्या सरदाराचा उजवा डोळा लहानपणीच देवीच्या रोगाने गेला होता. आपल्याकडे पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांचेही तसेच. देवीनेच त्यांचा एक डोळा नेला. दोघांनीही राज्य चालवले.

पण सरदारांच्या गोष्टी झाल्या सरदारांच्या. त्यांच्या हाताखाली माणसे असतात, घरात धनधान्य असते. गरिबाच्या अपंग मुलाने काय करावे? म्हणून आता खेळाकडे वळू.

आधी पडायला शिकायचे

जपानात कानो नावाचे एक शिक्षक होऊन गेले. लहानपणी ते अंगाने किरकोळ होते. दांडगी मुले त्यांना मारायची. सामुराईंची बिनहत्याराची एक झुंज होती, ती कानो शिकले. तिच्यातले घातक डाव त्यांनी काढून टाकले, चांगले ते ठेवले आणि १८८२ साली एक नवा खेळ सुरू केला. त्याचे नाव जूदो. जू म्हणजे मऊ, नरम. जूदो म्हणजे नरमाईची वाट. समोरचा ढकलतो आहे ना? मग त्याला उलट ढकलू नका. थोडे मागे सरा, त्याचा तोल जाईल, मग त्याच्याच जोराने त्याला पाडा. वाऱ्यापुढे बांबू वाकतो तसे.

आपल्याकडे तालमीत गडी लाल मातीला हात लावून कपाळाला लावतो आणि मगच उतरतो. जूदोत गादीवर उतरताना वाकून नमस्कार करतात. समोरच्या गड्यालाही नमस्कार करतात. कुस्ती संपली की पुन्हा नमस्कार. हरला तरी आणि जिंकला तरी.

जूदोत सगळ्यात आधी काय शिकवतात? डाव नाही. आधी पडायला शिकवतात. मागे पडायचे, बाजूला पडायचे, पुढे लोळण घ्यायची. पडताना हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोके आपटत नाही. हात ताठ करून जमिनीला टेकायचा नाही, नाहीतर मनगट मोडते. सगळा हात पसरून जमिनीवर थाप मारायची, म्हणजे आघात वाटला जातो. पहिले कित्येक दिवस हेच. शंभरदा पडायचे आणि शंभरदा उठायचे.

आम्हांला वाटते, अपंग मुलाच्या आईबापांनी जपानकडून दुसरे काही घेतले नाही तरी एवढे घ्यावे. आपण मुलाला पडू नको म्हणतो. ते म्हणतात, पड, पण नीट पड. कुबडी घेऊन चालणारा मुलगा आज ना उद्या पडणारच. आषाढात मावळातले बांध कसे निसरडे होतात ते का सांगायला हवे? ज्याला पडणे ठाऊक आहे तो भीत नाही. जो भीत नाही तो घराबाहेर निघतो.

हे घरीही करता येते. भाताच्या पेंढ्याचा जाड थर अंगणात पसरावा. त्यावर मुलाने बसल्या बसल्या पडायला शिकावे, मग उभ्याने. शेजारची मुलेही बोलवावीत, म्हणजे खेळ होतो. पण आधी डॉक्टरांना विचारावे. पाठीच्या कण्याचे दुखणे असेल, हाडे ठिसूळ असतील, फेफरे येत असेल, तर विचारल्याशिवाय काही करू नये.

ज्याला दिसत नाही तो जूदो खेळतो, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. साध्या जूदोत दोन गडी लांब उभे राहतात आणि एकमेकांची पकड घ्यायला झटतात. अंधांच्या जूदोत फरक एवढाच, की पंच दोघांना गादीच्या मधोमध आणतो आणि आधीच एकमेकांचे कपडे धरायला लावतो. मग झुंज सुरू. पकड सुटली की पंच थांबवतो. पुन्हा धरायला लावतो. हाताला कळते की समोरच्याचा भार कुठल्या पायावर आहे. डोळ्यांचे काम हात करतात. १९८८ पासून अपंगांच्या जागतिक सामन्यांत हा खेळ आहे. २००४ पासून बायकाही त्यात उतरतात.

मध्य प्रदेशात सिहोर नावाचे गाव आहे. तिथला कपिल परमार हा तरुण. लहानपणी शेतातल्या पाण्याच्या पंपाला हात लावला आणि विजेचा जबर धक्का बसला. फार दिवस तो बेशुद्ध होता. पुढे हळूहळू नजर गेली. घरची गरिबी. त्याने चहाचे दुकानही चालवले. पण जूदोचा सराव सोडला नाही. ५ सप्टेंबर २०२४ ला पॅरिस शहरात त्याने ब्राझील देशाच्या गड्याला दहा-शून्य असे हरवले आणि काशाचे पदक मिळवले. जूदोत भारताला त्याआधी ऑलिंपिकमध्ये किंवा अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये एकही पदक मिळाले नव्हते. डोळसांना जे जमले नव्हते ते अंधाने केले.

विजेच्या धक्क्याचे वाचून कोणाला आपला सुयश जाधव आठवेल. सोलापूर जिल्ह्यातला हा मुलगा. लहानपणी विजेच्या धक्क्याने त्याचे दोन्ही हात गेले. तो पोहायला लागला. २०१६ साली ब्राझीलमधल्या रिओ शहरी भारतातर्फे पोहला आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. हात नसताना पोहणे! आपल्या पवनेच्या डोहात हात असलेले किती जण बुडतात.

(मधेच सांगतो. शेतातल्या पंपाला ओल्या हाताने शिवू नका. मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. तारा उघड्या असतील तर आजच दुरुस्त करा.)

इस्लामपूरचा शिपाई

आता पेटकरांची गोष्ट. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लहानपणापासून कुस्तीचा नाद. पोरवयातच फौजेत गेले. तिथे मुष्टियुद्ध शिकले, म्हणजे ठोशांची लढत. चांगले नाव झाले. १९६५ साली पाकिस्तानशी लढाई झाली. तीत त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतली. कमरेखालचे अंग लुळे पडले.

मुष्टियुद्ध संपले. पुढे काय? मुंबईच्या लष्करी दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना पाण्यात उतरवले. पाण्यात अंगाचा भार हलका होतो, म्हणून पोहणे हाच औषधोपचार. पेटकरांनी औषधाचा खेळ केला. १९६८ साली ते अपंगांच्या जागतिक सामन्यांना इस्रायल देशात गेले. पुन्हा १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरी गेले. तिथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. वेळ लागला सदतीस सेकंद आणि थोडासा. तसा वेग त्या गटात तोवर जगात कोणी दाखवला नव्हता. भारताला त्याआधी एकट्या खेळाडूच्या खेळात सोन्याचे पदक ना ऑलिंपिकमध्ये मिळाले होते, ना अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये.

मग गावोगाव मिरवणुका निघाल्या असतील, नाही का? नाही. लोक विसरले. पेटकर पुण्यात टेल्को कारखान्यात नोकरी करत राहिले. २०१८ साली सरकारने पद्मश्री दिली. २०२४ साली त्यांच्यावर हिंदी सिनेमा निघाला, तेव्हा कुठे घरोघर नाव पोचले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये. पदकानंतर बावन्न वर्षांनी! पेटकरांनी वाट पाहिली, हा त्यांचा मोठेपणा. पण त्यांना वाट पाहायला लावली, हे आपले मोठेपण नव्हे.

नुसत्या हिंमतीने भागत नाही

इथे थोडे थांबून विचार करू. अशा गोष्टी ऐकल्या, की काही जण अपंग मुलाला म्हणतात, "बघ, त्याने केलं. तुला का जमत नाही?" हे चूक आहे. प्रत्येक डोळस माणूस पहिलवान होत नाही. मग प्रत्येक अपंगाने पदक का आणावे? त्याने शाळेत जावे, धंदा शिकावा, लग्नसमारंभात चारचौघांत बसावे, ग्रामसभेत बोलावे. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

आणि हिंमत कितीही असली, तरी शाळेला पाच पायऱ्या असतील तर चाकाची खुर्ची वर चढत नाही. तिथे उतरण बांधावी लागते. विटा, वाळू आणि सिमेंट यांना दुसरा उपाय नाही.

जपानलाही हे उशिराच कळले. सामुराईंचा देश खरा, पण तिथेही अपंग माणसांना घरात नाहीतर दवाखान्यात ठेवत. नाकामुरा नावाचे एक डॉक्टर होते. १९६० साली ते इंग्लंडला गेले. तिथे गुटमन नावाच्या डॉक्टरांनी पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांना खेळायला लावले होते. त्यांच्या दवाखान्याच्या आवारात १९४८ साली सोळा जणांनी चाकाच्या खुर्चीत बसून धनुष्यबाणाचा सामना केला. आज चालणारे अपंगांचे जागतिक सामने त्यातूनच वाढले. नाकामुरा परत आले आणि १९६१ साली आपल्या भागात अपंगांचे सामने भरवले. लोकांनी नावे ठेवली. "दुबळ्यांचा तमाशा मांडलाय," असे म्हणाले.

१९६४ साली तोक्यो शहरात मोठे सामने झाले. परदेशातून अपंग खेळाडू आले. ते हसत होते, बाजारात हिंडत होते. विचारले तर कळले, की त्यांच्यातले पुष्कळ जण नोकरी-धंदा करतात. जपानचे खेळाडू मात्र बहुतेक दवाखान्यातून आणलेले. सामने संपले की पुन्हा खाटेवर. नाकामुरांच्या ते मनाला लागले. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, त्यांनी बेप्पू गावात अपंगांसाठी कामाची जागा सुरू केली. भीक नको, काम द्या, असा त्यांचा हेका होता. पुढे मोठमोठ्या कंपन्यांनी तिथे कारखाने घातले. अब्रू सांभाळा, असे सामुराई म्हणत. माणसाची अब्रू पोट भरण्याच्या कामात असते, हे नाकामुरांनी ओळखले.

आपल्या जवळ खडकीला असे काम फार जुने आहे. जायबंदी सैनिकांना धंदे शिकवणारी क्वीन मेरी संस्था १९१७ साली निघाली. कमरेखाली लुळे पडलेल्या सैनिकांसाठी खडकीतच १९७४ पासून एक केंद्र आहे. तिथले काही जण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. अंध मुलांसाठी पुण्यात कोरेगाव पार्कमध्ये १९३४ साली शाळा सुरू झाली.

ज्याचा पाय कापावा लागला, त्याच्यासाठी जयपूरचा पाय आहे. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉक्टर सेठी यांनी तो तयार केला. हा पाय रबराचा. त्यावर बूट लागत नाही. तो घालून मांडी घालता येते, चिखलात उतरता येते. भातशेती करणाऱ्याला याहून सोयीचे काय? पुण्यातही असे पाय बसवून देणाऱ्या सेवाभावी संस्था आहेत.

कायदा काय म्हणतो

२०१६ साली अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. सरकारी कागदांत आता 'दिव्यांग' हा शब्द असतो. त्या कायद्यात एकवीस प्रकारचे अपंगत्व धरले आहे. नुसते हात, पाय, डोळे आणि कान नव्हे. मंदबुद्धी, मनाचे काही आजार, कुष्ठरोगातून बरे झालेली माणसे, रक्ताचे काही आजार, हेही त्यात आले.

डॉक्टरांनी ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व आहे असा दाखला दिला, तर पुढचे हक्क मिळतात. सहा ते अठरा वर्षांपर्यंत शिक्षण फुकट. ते जवळच्या शाळेत घ्यायचे की खास शाळेत, हे तुम्ही ठरवायचे. सरकारी आणि सरकारी मदतीच्या वरच्या शिक्षणात शंभरात पाच जागा. सरकारी नोकरीत शंभरात चार जागा. आणि अपंग माणसाचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चावडीवर बसून "ए आंधळ्या" म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे.

आणखी एक. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के पैसे अपंगांसाठी खर्च करायचे असतात. ते होतात का, हे कोणी विचारत नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी राहून जाते. ग्रामसभेत उठून विचारावे, "या वर्षी ती रक्कम किती झाली? कशावर खर्च केली?" हे विचारायला अपंग माणूस स्वतः गेला तर उत्तम. त्याला तिथवर नेणारा एक सोबती लागेल. महादजींना राणेखान मिळाला होता, तसा.

दाखल्यासाठी अर्ज ऑनलाइन करतात. गावातल्या सेवा केंद्रात तो भरून मिळतो. मुलाचा फोटो, आधार कार्ड, राहण्याचा पुरावा आणि आधीचे दवाखान्याचे कागद बरोबर न्यावेत. मग तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात जावे लागते. तिथे कोणता वार आहे ते आधी विचारून घ्यावे, म्हणजे हेलपाटा पडत नाही. तपासणी झाली की ओळखपत्र मिळते. ते सगळ्या देशात चालते. त्यावर मुलाचे नाव बरोबर छापले आहे का, ते घरी आल्यावर तुम्ही स्वतः वाचून पाहा. आता तुम्हांला वाचता येते.